शार्कचा कास्थिमय सांगाडा : आदिम की उत्तरकालीन?

शार्क, म्हणजे कोकणातील मुशी वा मोरी, हिचा सांगाडा कास्थीचा असतो; म्हणून कास्थिमत्स्य हे अस्थिमत्स्यांहून आदिम होत, असे आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. वस्तुतः जबडा असलेल्या प्राचीन प्लॅकोडर्म माशांचे डोके व धड हाडांच्या कवचाने झाकलेले होते. तथापि हे हाड त्वचेतील असून आतील सांगाडा कास्थीचाच, असा आक्षेप घेतला जाई. कास्थीची जागा घेत आतून घडणारे हाड हे अस्थिमत्स्यांचेच वैशिष्ट्य मानले जात होते. २०२० साली पश्चिम मंगोलियातील सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘मिंजिनिया’ या प्लॅकोडर्मच्या कवटीत नेमके असेच हाड असल्याचे प्रसिद्ध झाले. अर्थात शार्कच्या पूर्वजांपाशी हाड होते व ते पुढे लोप पावले, असे अनुमान निघते. एका जीवाश्मावर एवढा भार टाकावा काय, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील उलट क्रमास तेवढाही आधार नाही. शिवाय शार्कची कास्थी नुसती मऊ नसते. तिच्या पृष्ठभागी कॅल्शियम फॉस्फेटच्या सूक्ष्म बहुकोनी फरशांचा थर असतो. वाताशय नसलेल्या या प्राण्यास असा हलका सांगाडा तरंगण्यास उपकारकच ठरतो.