पाणी : एका शब्दाचे लिंग

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदा चढू लागली की हिंदी बोलणारा म्हणतो, ‘पानी आया’. त्याच्या शेजारचा मराठी गृहस्थ म्हणतो, ‘पाणी आले’. शब्द मुळात एकच. मग हा भेद कशामुळे?

संस्कृतात ‘पा’ म्हणजे पिणे. त्यापासून ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे, हे विशेषण झाले व पुढे तेच नपुंसकलिंगी नाम बनले. प्राकृतात त्याचे ‘पाणिअ’ झाले. त्यातूनच मराठीचे ‘पाणी’ व हिंदीचे ‘पानी’ आले. ‘पाणिग्रहणा’तला ‘पाणि’ म्हणजे हात. त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

संस्कृतातील तीन लिंगे मराठीने व गुजरातीने राखली. हिंदीत दोनच उरली. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त तीन लिंगांचा विचार आहे, जबलपुरात वास्तव्य केलेल्या कामताप्रसाद गुरूंच्या १९२० च्या ‘हिंदी व्याकरणा’त दोनांचा. ‘आलें’वरचा अनुस्वार ही नपुंसकलिंगाची जुनी खूण होती. १९६२ च्या लेखननियमांनी ती लिपीतून गेली, लिंग मात्र राहिले. शिवाय हिंदीत ‘पानी में’ म्हणताना नाम बदलत नाही. मराठीत ‘पाण्यात’ असे सामान्यरूप होते.

युरोपातही असेच घडले. लॅटिनमधील ‘वीनुम’, म्हणजे द्राक्षाचे मद्य, हा शब्द नपुंसकलिंगी. कातालान भाषेत तो ‘वि’ होऊन पुल्लिंगी झाला. रुमानियनमध्ये ‘विन’ हा नपुंसकलिंगीच गणला जातो. मात्र त्याची विशेषणे एकवचनात पुल्लिंगी व अनेकवचनात स्त्रीलिंगी असतात. तेव्हा लिंग गमावणे हा भाषेचा भ्रष्टपणा नव्हे. तो तिचा निराळा मार्ग होय.

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. तेथे आजही मराठी कुटुंबे राहतात. शाळेत, बाजारात मुलांच्या कानी हिंदीच पडते. अशा मुलाच्या तोंडून ‘पाणी आला’ असे निघाले, तर त्याला हसू नये. त्याने हिंदीचा नियम मराठीला लावलेला असतो, इतकेच. आपण सहज म्हणावे, ‘हो, पाणी आले’. जेथे शाळा मराठी शिकवीत नाही, तेथे हे तिसरे लिंग घरातल्या अशा बोलण्यावरच टिकून राहते.