धरणातल्या बेटावरचा पाहुणा : नदी सुरय

उन्हाळा लागला की माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या आपल्या धरणांचं पाणी खाली जातं. गाळपेर उघडी पडते, मधूनच मातीची, खडकांची बेटं वर येतात. अशा बेटांवर संसार मांडणाऱ्या नदी सुरय या पक्ष्याविषयी आज आपण बोलू.

सुरय घराण्यातले पुष्कळ पक्षी समुद्राकाठचे. हा मात्र नदी-धरणाचा. पिवळी चोच, तांबडे पाय, दुभंगलेली शेपटी आणि विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी. पाण्यावर घिरट्या घालतो, मासा दिसला की सूर मारतो.

टिटवीची अंडी कुठे आहेत यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या आपण. सुरयही टिटवीसारखाच उघड्या जमिनीवर अंडी घालतो. मार्च ते मे हे त्याचे मुख्य दिवस. अंडी साधारण तीन, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

भोवती पाणी आहे तोवर ती सुरक्षित. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्री, गुरं, माणसं तिथे पोहोचतात. उलट पाणी एकदम वाढलं तर अंडी-पिल्लं बुडतात. म्हणूनच हा पक्षी घटतो आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ आहे. त्यापुढची पायरी ‘संकटग्रस्त’. कंबोडियात मेकाँग नदीवर तर मोजक्याच जोड्या उरल्या आहेत.

आपली कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला आणि भीमा उजनीला. उजनीकाठी भिगवणला पक्षी बघायला लोक येतात, होडीवाल्यांना रोजगार मिळतो. पक्षी टिकले तर काठावरच्या माणसांनाही दोन पैसे मिळतात, ते असे.

मग गटाने काय करायचं? विणीच्या दिवसांत शेळ्या-गुरं बेटाकडे सोडू नयेत. कुत्रं सोबत नेऊ नये. पोरांना सांगावं, अंडी उचलायची नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पक्षी डोक्यावर ओरडत फिरू लागले तर समजावं, घरटं जवळ आहे, आणि आल्या वाटेने मागे फिरावं. भर उन्हात पक्षी उठून गेला तर अंडी भाजून निघतात. तुटकी नायलॉनची जाळी काठावर टाकू नयेत.

खर्च काहीच नाही. येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की पाच मिनिटं हा विषय घ्या.