नव्या घराची परसबाग : पाया खणण्यापूर्वीच आखणी करा

नवीन घर बांधावयाचे ठरले म्हणजे कुटुंबातील सर्वांचे लक्ष खोल्या, दारे, छप्पर आणि खर्च यांकडे लागते. घरामागच्या मोकळ्या जागेचा विचार बहुधा वास्तुशांत उरकल्यावर होतो. तोवर त्या जागेवर विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा व पायातून निघालेला मुरूम यांचा थर बसलेला असतो. अशा जागेत लावलेली रोपे पिवळी पडतात व ‘आमच्या जागेत काही येतच नाही’ असा ग्रह होऊन बसतो. वस्तुतः दोष जागेचा नसून आखणीचा असतो.

परसबाग ही केवळ शोभेची बाब नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. घरची पालेभाजी, शेवगा, लिंबू व पपई रोजच्या ताटात आली तर आहारातील उणीव पुष्कळ अंशी भरून निघते. अर्धा गुंठा जागेत कुटुंबाची भाजीची सर्व गरज भागणार नाही. परंतु बाजारचा दिवस उलटून गेल्यावर ताट कोरडे राहणार नाही, एवढे निश्चित.

माती राखून ठेवा

पाया आखताच त्या जागेवरील वरची वीतभर माती काढून एका कोपऱ्यात रचून ठेवावी. हीच खरी कसदार माती होय. खालचा मुरूम तिच्यात मिसळू देऊ नये. तो अंगणातील भरावासाठी व वाटांसाठी वापरावा. सिमेंट कालविण्याची जागा एकच ठरवून द्यावी. सिमेंट व चुना यांमुळे माती विम्लधर्मी होते, पिकास लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणून काम संपताच राडारोडा उचलावा व मग राखलेली माती पसरावी.

पाण्याचा हिशेब

बागेचा आकार जागेवरून नव्हे, उन्हाळ्यातील पाण्यावरून ठरवावा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरलेले आहे. पाच माणसांच्या घरात आंघोळ, भांडी व भाज्या धुणे यांचे १०० ते १२० लिटर पाणी बागेस मिळू शकते. कडक उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यास चौरस मीटरला सुमारे ८ लिटर पाणी रोज लागते, असे धरल्यास १२ ते १५ चौरस मीटर वाफे त्यावर जगतात. याहून अधिक वाफे पावसाळ्यात व हिवाळ्यात खुशाल करावेत. उन्हाळ्यात मात्र हात आखडता घ्यावा.

साबणाचे पाणी वाळू व खडीच्या खड्ड्यातून गाळून केळी व अळू यांस द्यावे. पालेभाज्यांवर व मुळ्यावर ते कधीही सोडू नये. भाजी व तांदूळ धुतल्याचे पाणी वाफ्यांस चालते.

जागेची मांडणी

घर पूर्वाभिमुख असून मागे १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे अर्धा गुंठा जागा आहे, असे समजू. भिंतीलगत १ मीटर पट्टा कोरडा ठेवावा. काळी माती ओलाव्याने फुगते व वाळल्यावर आकसते. भिंतीशी पाणी मुरल्यास पायास धोका पोहोचून भिंतीस तडे जातात.

मध्यभागी ३ मीटर लांब व १.२ मीटर रुंद असे चार वाफे करावेत. एवढ्या रुंदीच्या वाफ्यात दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व वाफा तुडवावा लागत नाही. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट असावी. उत्तरेच्या टोकाला कागदी लिंबू व कढीपत्ता लावावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. पश्चिमेच्या कडेला एक शेवगा व तीन-चार पपया लावाव्यात. त्यांची विरळ सावली दुपारचे ऊन सौम्य करते. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असल्याने तो छपरापासून दूर ठेवावा व शेंगा संपल्यावर दरवर्षी छाटावा. मोरीचे पाणी उतरते त्या दक्षिणेच्या कोपऱ्यात केळी, अळू व शेजारी खताचा खड्डा असावा.

आंबा, चिंच यांना घराजवळ जागा नाही. ती बांधावर लावावीत. वड, पिंपळ व उंबर यांची मुळे पायात व विहिरीच्या बांधकामात शिरतात, म्हणून त्यांना गावाच्या मोकळ्या जागेत स्थान द्यावे. जागा अधिक असल्यास पुण्याच्या गणेशखिंड येथे १९२७ मध्ये निवडलेला सरदार पेरू अवश्य लावावा.

कामाचा क्रम

फळझाडांचे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावेत. राखलेली माती व दोन घमेली कुजलेले शेणखत यांनी ते भरावेत. पावसाची पहिली ओल खोल गेल्यावर रोपे लावावीत. पपईत नर व मादी झाडे वेगळी निघत असल्याने प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर निवड करावी.

पावसाळ्यात भेंडी, गवार व दोडका. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, वांगी व टोमॅटो. उन्हाळ्यात चवळई व राजगिरा घ्यावा. मेथीचा संपूर्ण वाफा एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एकेक पट्टा पेरावा, म्हणजे भाजी सतत मिळते. शेळ्या व कोंबड्या एका दुपारी सर्व बाग फस्त करतात. म्हणून कुंपण प्रथम, बी नंतर, हा नियम मोडू नये.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावात घरकुल मंजूर होताच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जोते आखण्याच्या वेळीच त्या कुटुंबास भेट द्यावी. पाणी, वाट व झाडांच्या जागा दोरी लावून दाखवाव्यात. ही बोलणी केवळ घरधन्याशी करून भागणार नाही. बागेस पाणी घालणारी, भाजी खुडणारी व शिजविणारी बहुधा गृहिणीच असते. तिच्या संमतीवाचून आखलेली बाग पहिल्या उन्हाळ्यातच वाळते. वाफा चुकला तर पुढच्या हंगामात बदलता येतो. भलत्या जागी वाढलेले झाड मात्र तोडावे तरी लागते, नाही तर जन्मभर सोसावे लागते. म्हणून घराच्या आराखड्याबरोबरच बागेचाही आराखडा तयार असावा.