जुन्या मॉनिटरवर अक्षर नीट कसं दिसेल?

गटाच्या कामासाठी मिळालेला कॉम्प्युटर बऱ्याचदा जुना असतो. मॉनिटर चौकोनी असतो आणि आत लिनक्स असतं, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही चालतं. पण अक्षर बारीक दिसतं, नाहीतर हिशेबाचा तक्ता स्क्रीनबाहेर जातो. शेवटचा रकाना असतो कर्जाच्या बाकीचा. तोच दिसला नाही, तर आपली बाकी किती हे ताईला दुसरीच्या तोंडून ऐकावं लागतं. गटाचा हिशेब प्रत्येकीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवा. म्हणून आज हे समजून घेऊ.

स्क्रीनवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडवे किती ठिपके आणि उभे किती, याला रिझोल्यूशन म्हणतात. सतरा इंची चौकोनी सपाट मॉनिटरला बहुधा 1280 गुणिले 1024 ठिपके असतात, पंधरा इंचीला 1024 गुणिले 768. त्याच आकड्यावर अक्षर सर्वांत स्वच्छ दिसतं. आकडा कमी केला की अक्षर मोठं होतं, पण धूसर होतं आणि स्क्रीनवर मजकूर कमी मावतो.

आकडा बदलायचा कसा? उबुंटूमध्ये सेटिंग्ज उघडा, डिस्प्लेज निवडा, रिझोल्यूशनवर क्लिक करा. आपल्या मॉनिटरचा आकडा निवडून अप्लाय दाबा. 'हा बदल ठेवायचा का?' असं कॉम्प्युटर विचारतो. चित्र नीट दिसलं तरच हो म्हणा. स्क्रीन काळी झाली किंवा 'आउट ऑफ रेंज' अशी अक्षरं आली, तर घाबरू नका, काही दाबू नका. थोडा वेळ थांबा, जुनं चित्र आपोआप परत येतं.

आकडा बरोबर असूनही अक्षर बारीक वाटत असेल, तर आकड्याला हात लावू नका. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'लार्ज टेक्स्ट' चालू करा. फक्त तक्ताच मोठा हवा असेल, तर कंट्रोल बटण दाबून धरा आणि माउसचं चाक फिरवा.

आपल्या मॉनिटरचा आकडा यादीत दिसतच नाही? मग आधी केबल तपासा. जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची केबल पंधरा पिनांची असते. मॉनिटर आपली माहिती त्यातल्याच काही पिनांवरून कॉम्प्युटरला कळवतो. पिन वाकली किंवा केबल सैल झाली, तर कॉम्प्युटरला मॉनिटर ओळखता येत नाही. दोन्ही यंत्रं बंद करा, केबल नीट बसवा, बाजूचे स्क्रू हातानेच आवळा आणि पुन्हा सुरू करा. चित्र एका बाजूला सरकलं असेल, तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा.

दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढं करून पाहा. आणि पुढच्या सभेत प्रत्येक सभासदाला स्क्रीनसमोर बसवून तिची बाकी तिलाच वाचायला सांगा.