मालवाहू पिकअप गाडी : चाकातील हवा, गाडीचे धक्के व मालाची सुरक्षितता

जालना जिल्ह्यातील शेतमालाची वाहतूक पूर्वी बैलगाडीने होत असे. त्या गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे आणि वाटेवरील प्रत्येक दगडाचा दणका थेट मालाला व बैलांच्या मानेला बसे. १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीसाठी बनविलेल्या हवेच्या रबरी टायरचे पेटंट घेतले. पुढे हेच हवेचे चाक बैलगाडीलाही लागले आणि टायरगाडी ओढताना बैलांचे कष्ट पुष्कळ हलके झाले. आज मोसंबी, द्राक्षे, भाजीपाला, कापूस आणि रेशीम कोष बाजारात नेण्यासाठी गावोगावी मालवाहू पिकअप गाड्या आल्या आहेत. साधन बदलले तरी तत्त्व एकच आहे : भार वाहते ती चाकातील हवा. टायर हे त्या हवेला धरून ठेवणारे मजबूत पोते होय.

नवीन पिकअप घेतलेल्या शेतकरी बंधूंची एक तक्रार नेहमी ऐकू येते. गाडी रिकामी असता फार उडते, कंबर दुखते, फळांना मार लागतो. यावर उपाय म्हणून कित्येकजण चाकातील हवा अंदाजाने कमी करतात. हा उपाय केव्हा योग्य, केव्हा घातक आणि धक्के कमी करण्याचे खरे मार्ग कोणते, याचा विचार या लेखात केला आहे.

रिकामी गाडी का उडते ?

पिकअपच्या मागील आसाला पोलादी कमानपाटे बसविलेले असतात. एक ते दीड टन माल पेलता यावा अशा बेताने ते घडविलेले असल्यामुळे गाडी रिकामी असताना ते फारसे दबत नाहीत. त्यातच मागील चाकांतील हवा पूर्ण भाराच्या मापाने भरलेली असते. पाटेही कडक आणि चाकही कडक, म्हणून खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा वर येतो.

हे एका ढोबळ हिशेबाने समजेल. मागील एका चाकावर रिकाम्या गाडीचे ३०० किलो वजन आहे व चाकात ६० पौंड हवा आहे असे धरू. ६० पौंड म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४.२ किलो दाब. तेव्हा ३०० किलो तोलण्यास सुमारे ७१ चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकतो. गाडी भरल्यावर त्याच चाकावर ९०० किलो आले, तर टेकणारा भाग २१४ चौरस सेंटीमीटर होतो. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे काहीसे वेगळे येतील; परंतु भाराप्रमाणे हवेची गरज बदलते ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. रिकाम्या गाडीचे मागील चाक ओल्या रस्त्यावर लवकर का घसरते, याचेही उत्तर याच हिशेबात आहे.

योग्य माप कोठे पाहावे ?

प्रत्येक गाडीच्या चालकाच्या दाराजवळील पट्टीवर किंवा सोबत मिळालेल्या पुस्तिकेत पुढील व मागील चाकांच्या हवेचे माप दिलेले असते. काही गाड्यांना रिकाम्या व भरलेल्या स्थितीसाठी दोन वेगळी मापे दिलेली असतात, काहींना एकच. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. ते रोजचे माप नव्हे. शेजाऱ्याच्या गाडीचे मापही आपल्या उपयोगाचे नाही, कारण टायरचा आकार व भारक्षमता भिन्न असू शकते.

नवीन गाडी ताब्यात घेताना हवा अवश्य मोजून घ्यावी. वाहतुकीच्या सोयीसाठी नव्या गाडीच्या चाकांत कधी कधी जास्त हवा भरलेली असते व ती तशीच राहून जाते. अशा वेळी केवळ हवा दिलेल्या मापावर आणल्यानेच गाडीच्या उडण्यात फरक पडतो.

हवा मोजण्याची रीत

१. हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, थंड चाकात मोजावी.

२. स्वतःचे हवा मोजण्याचे गेज बाळगावे. पाय मारून किंवा अंगठ्याने दाबून अंदाज करू नये. रेडियल टायरच्या भिंती योग्य हवा असतानाही थोड्या फुगलेल्या दिसतात, त्यामुळे डोळा फसतो.

३. पुढील, मागील व राखीव म्हणजे स्टेपनी अशी पाचही चाके तपासावीत.

४. मोजल्यानंतर व्हॉल्व्हवर टोपण घट्ट बसवावे. टोपण नसल्यास धूळ व चिखल आत जाऊन हवा झिरपू लागते.

५. प्रवासाने तापलेल्या चाकातील हवा कधीही कमी करू नये. ५० पौंड हवेच्या चाकाचे तापमान १० अंशांनी वाढले की दाब सुमारे २ पौंडांनी वाढतो. ही वाढ धरूनच थंड चाकाचे माप ठरविलेले असते. गरम चाकातून हवा सोडल्यास ते थंड होताच मापाच्या खाली जाते.

हवामानाचा परिणामही ध्यानात घ्यावा. मे महिन्यात पहाटे २७ अंश तापमान असताना ५० पौंड हवा भरली व पुढे पाहिलेच नाही, तर डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे केवळ थंडीमुळे सुमारे ३ पौंड दाब उतरतो. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पौंड हवा झिरपते. म्हणजे सात महिन्यांत एकूण १० पौंडांची तूट पडते व चाक पाहून ती कळतही नाही. म्हणून दर पंधरवड्यास आणि प्रत्येक लांबच्या खेपेपूर्वी हवा मोजणे हितावह आहे.

नायट्रोजन भरण्याविषयी पुष्कळ विचारणा होते. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. नियमित मोजणी करणाऱ्यास साधी हवा पुरेशी आहे, आणि मोजणी न करणाऱ्याला नायट्रोजनही वाचवू शकत नाही.

कमी हवेचा धोका

चाकात हवा कमी असली की फिरताना टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. तार वारंवार वाकविली असता जशी गरम होते, तसे रबर व आतील धागे आतून तापतात. शेतरस्त्यावर ताशी २०-३० किलोमीटर वेगाने जाताना ही उष्णता साचत नाही, म्हणून हवा कमी असूनही महिनोन्‌महिने काही बिघडले असे वाटत नाही. तीच गाडी पूर्ण भरून महामार्गावर नेली की परिस्थिती पालटते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून संपूर्ण मार्ग वाहतुकीस मोकळा आहे. शेतमालासाठी ही मोठी सोय झाली आहे. परंतु या सलग काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी तासन्‌तास न थांबता धावते, त्यामुळे चाकाला थंड होण्यास उसंत मिळत नाही. कमी हवा, जादा भार, वेग आणि चाळीस अंशांपलीकडचे ऊन या चार गोष्टी एकत्र आल्या की टायर फुटण्याचा संभव फार वाढतो. भरधाव गाडीचे चाक फुटल्यास चालकाच्या हाती थोडेच उरते. मालवाहू गाड्यांसाठी असलेली ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळणे हे म्हणूनच स्वतःच्या जिवाच्या हिताचे आहे. दर दोन तासांनी थांबून चाकांजवळ हात न्यावा. एक चाक इतरांपेक्षा फार गरम लागल्यास ते तपासल्याविना पुढे जाऊ नये.

जादा हवेनेही नुकसान होते. चाक मधल्या पट्ट्यावरच टेकते, रस्त्यावरील पकड कमी होते आणि टोकदार दगडाने टायर चिरण्याची भीती वाढते.

टायरची झीज काय सांगते ?

झीज पाहून दोष ओळखता येतो. मधला पट्टा अधिक झिजला असेल तर हवा जादा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. एकच कड झिजली असेल तर चाकांची सरळ जुळणी बिघडलेली. आणि जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला असण्याचा संभव. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर नियमानुसार वापरता येत नाही. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. जुना टायर नवा म्हणून विकत घेतला जाऊ नये, यासाठी हा आकडा वाचण्याची सवय लावावी.

धक्के कमी करण्याचे योग्य मार्ग

आपल्या गाडीस रिकाम्या स्थितीचे वेगळे माप दिलेले असेल, तर रिकाम्या खेपेस मागील हवा त्या मापापर्यंत खुशाल उतरवावी. मात्र माल भरण्यापूर्वी ती पुन्हा पूर्ण करावी. एकच माप दिलेले असल्यास त्याखाली जाऊ नये. गाडी मऊ व्हावी म्हणून कमानपाटा काढून टाकणे किंवा जादा माल भरण्यासाठी अधिक पाटा घालणे, दोन्ही अयोग्य होत. पाटा वाढविल्याने आसाची, ब्रेकची व टायरची ताकद वाढत नाही.

मालाचे रक्षण भरणीवर अवलंबून असते. मोसंबी मोकळी भरताना तळाशी व बाजूंना वाळलेल्या गवताचा जाड थर द्यावा आणि ढिगाची उंची बेताची ठेवावी, कारण तळच्या फळांवर वरच्या ढिगाचा दाब व धक्का दोन्ही येतात. कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावांतील बागायतदारांनी क्रेट एकमेकांना घट्ट लावून बांधावेत. क्रेट हलत राहिल्यास घडांचे मणी गळतात. वजनदार माल गाडीच्या मागील टोकाला न ठेवता आसाच्या पुढील बाजूस ठेवावा. टोकाला भार आला की पुढील चाके हलकी होतात व सुकाणू नीट लागत नाही. खराब रस्त्यावर वेग निम्म्यावर आणल्याने धक्क्याचा जोर जेवढा कमी होतो, तेवढा हवा कमी केल्याने होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ही माहिती प्रात्यक्षिकाने चांगली पटते. गावातील चार-पाच पिकअप सकाळी एके ठिकाणी बोलावून प्रत्येक चालकास प्रथम हवेचा अंदाज सांगावयास लावावा व मग गेजने मोजून दाखवावे. अंदाज व माप यांतील अंतर पाहिले म्हणजे वेगळा उपदेश करावा लागत नाही. शेतकरी गटाने एक चांगले गेज सामाईक घेऊन ठेवावे, मापाची पट्टी गाडीत दर्शनी भागी लावावी आणि खेपेच्या वहीत हवा मोजल्याची तारीख लिहावी. फळाला पाणी, खत व छाटणी वेळच्या वेळी देणाऱ्या शेतकऱ्याने त्याच फळाच्या शेवटच्या प्रवासासाठी पाच मिनिटे काढावीत. वर्षभराचे कष्ट आणि चालकाचा जीव, दोन्ही त्या चार चाकांतील हवेवर बाजारापर्यंत जात असतात.