एक चुकीची कमांड, ३०० जीबी डेटा आणि ऐनवेळी दगा देणारे पाच बॅकअप: गिटलॅबच्या सर्व्हरवर त्या रात्री काय घडलं?

तारीख ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब डॉट कॉमच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा एक कमांड टाईप केली आणि एंटर दाबलं. एक-दोन सेकंदांतच त्याच्या लक्षात आलं की घोळ झालाय. त्याने लगेच कमांड थांबवली. पण तेवढ्या वेळात सुमारे ३०० जीबीच्या डेटाबेसमधला जेमतेम ४.५ जीबी डेटा शिल्लक राहिला होता.

बरं, डेटा गेला तर गेला, बॅकअप असेलच की! होता ना. एक नाही, पाच प्रकारचे. पण त्या रात्री एकेक करून तपासायला घेतले, तेव्हा कळलं की त्यातला एकही भरवशाचा नाही.

आयटीवाल्यांमध्ये हा किस्सा आजही सांगितला जातो. पण ज्यांचा कोडिंगशी काडीचा संबंध नाही, त्यांच्याही कामाचा आहे. कसा, ते बघू.

आधी हे समजून घ्या: टीमचा सर्व्हर म्हणजे काय?

समजा, दहा जण मिळून एक ॲप बनवतायत. प्रत्येकजण आपापल्या लॅपटॉपवर काम करतो. एकाने सकाळी लॉगिनचं पान बदललं, दुसऱ्याने दुपारी तेच पान पुन्हा बदललं. मग खरं कुणाचं? जुनं काय होतं? कुणी, कधी, का बदललं? हे सगळं ईमेल आणि पेनड्राईव्हवर चालवलं, तर आठवड्याभरात 'फायनल', 'फायनल-२', 'एकदम फायनल' अशा फाईलींचा ढीग लागतो.

यावर उपाय म्हणून २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट बनवलं. लिनक्स बनवणारे तेच हे. गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. बँकेच्या पासबुकात जशी प्रत्येक एंट्री दिसते, तसंच. आणि यातली मोठी गोष्ट म्हणजे कोडचा पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवरही असतो.

पण टीमला नुसता कोड पुरत नाही. कुठला बग कुणाकडे आहे, कोडवर कोण काय म्हणालं, कुणाला काय बघायची परवानगी आहे, हेही एका ठिकाणी लागतं. ती जागा म्हणजे टीमचा सर्व्हर. गिटहब, गिटलॅब, मायक्रोसॉफ्टचा टीम फाउंडेशन सर्व्हर, ज्याला आता अझ्युअर डेव्हऑप्स सर्व्हर म्हणतात, हे सगळे त्याच जातकुळीतले.

यातल्या गिटलॅबची सुरुवात भन्नाट आहे. २०११ साली युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेट्स यांनी ते लिहायला घेतलं. तेव्हा त्यांच्या घरात नळाचं पाणी नव्हतं, रोज सार्वजनिक विहिरीवरून आणावं लागायचं. पण त्यांना पाण्यापेक्षा मोठी अडचण वाटत होती ती टीमने मिळून काम करण्यासाठी चांगलं साधन नसण्याची!

मग त्या रात्री झालं काय?

त्या संध्याकाळी गिटलॅब डॉट कॉमवर स्पॅमवाल्यांचा मारा सुरू झाला. डेटाबेसवर लोड वाढला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गिटलॅबकडे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते. पहिला मुख्य, ज्यावर खरं काम चालायचं. दुसरा त्याची सावली. मुख्य सर्व्हरवर जे होईल ते लगेच दुसऱ्यावर उतरायचं, म्हणजे मुख्य बंद पडला तर दुसरा उभा.

लोड एवढा वाढला की ही सावली मागे पडली आणि शेवटी थांबलीच. आता दुसरा सर्व्हर रिकामा करून मुख्य सर्व्हरवरून पहिल्यापासून कॉपी घेणं भाग होतं. इंजिनिअरने कॉपी करणारी कमांड चालवली. ती काहीच बोलेना. एरर नाही, टक्केवारी नाही, काही नाही.

नंतरच्या तपासात कळलं की ती कमांड अडकलेली नव्हतीच. मुख्य सर्व्हरकडून डेटा यायची ती गपचूप वाट बघत होती. पण ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. इंजिनिअरला वाटलं, दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर आड येतंय, ते उडवून टाकू.

फोल्डर उडवायची कमांड बरोबर होती. फक्त ती दुसऱ्या सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर चालली. दोन्हींच्या काळ्या खिडक्या सारख्याच दिसतात, नावात फरक फक्त एका आकड्याचा. त्यात दिवसभराचा थकवा. भारतात तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट होत आली होती.

पाच बॅकअप कुठे गेले?

आता खरी गंमत, म्हणजे खरं तर खरी भीती.

पहिला बॅकअप होता रोजचा. दर २४ तासांनी डेटाबेसची पूर्ण प्रत काढायची. पण डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारं टूल चालत होतं ९.२ चं. आवृत्ती जुळत नसल्याने ते दरवेळी एरर देऊन बंद पडत होतं.

दुसरा, ही रोजची प्रत ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवायची. तिथे जाऊन बघितलं, तर जागा रिकामी. प्रतच निघत नव्हती, तर ठेवणार काय?

मग हे कुणाला कळलं कसं नाही? बॅकअप फसला की ईमेल जाईल अशी सोय होती. ईमेल जातही होते. पण त्यांवर ओळख पटवणारी सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती, फक्त ती कुणाच्याच कानावर पडत नव्हती.

तिसरा, अझ्युअरच्या डिस्कचे स्नॅपशॉट. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कचा त्या क्षणाचा फोटो. ते फाईल ठेवणाऱ्या सर्व्हरसाठी सुरू होते, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी सुरूच केलेले नव्हते. बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असा समज होता.

चौथा, तो सावलीवाला दुसरा सर्व्हर. तो तर कॉपीसाठी आधीच रिकामा केलेला.

पाचवा, सर्व्हरवरच निघणारा स्नॅपशॉट. तो २४ तासांतून एकदाच निघायचा. म्हणजे जवळपास पूर्ण दिवसाचं काम पाण्यात गेलं असतं.

पण इथे नशीब धावून आलं. घटनेच्या सुमारे ६ तास आधी त्याच इंजिनिअरने एका वेगळ्या चाचणीसाठी हाताने एक स्नॅपशॉट काढून ठेवला होता. बॅकअप म्हणून नाही, केवळ कामाच्या सोयीसाठी. सगळी वेबसाईट त्यावरून उभी करण्यात आली.

तो स्नॅपशॉट चाचणीच्या सर्व्हरवर होता आणि तिथल्या डिस्क संथ होत्या. त्यामुळे नुसती कॉपी व्हायलाच तासन्‌तास लागले. साईट पुन्हा सुरू व्हायला साधारण १८ तास गेले.

शेवटी हिशोब लागला तो असा: सुमारे ५००० प्रोजेक्टच्या नोंदी, ५००० कमेंट आणि ७०० नवीन खाती एवढ्यावर परिणाम झाला. कोड मात्र वाचला, कारण तो डेटाबेसमध्ये नव्हता, वेगळ्या डिस्कवर होता.

लपवलं नाही, लाईव्ह दाखवलं

अशा वेळी कंपन्या 'तांत्रिक अडचणीमुळे' एवढंच लिहून मोकळ्या होतात. गिटलॅबने उलटं केलं. काय चुकलं, आता काय चाललंय, हे सगळं एका सार्वजनिक गूगल डॉकवर लिहीत गेले. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाईव्ह दाखवलं आणि ते बघायला हजारो लोक जमले.

कमांड चालवणाऱ्या इंजिनिअरच्या माथी खापर फोडलं गेलं नाही. अहवालात त्याचं नावही नव्हतं, 'टीम सदस्य १' एवढंच होतं. प्रश्न विचारला गेला तो वेगळा: थकलेल्या एका माणसाच्या एका चुकीने सगळं जाऊ शकत असेल, तर चूक माणसाची की व्यवस्थेची?

त्यातून कामं ठरली ती साधी होती. कुठल्या सर्व्हरवर आहोत ते चटकन कळावं म्हणून खिडकीतली ओळ वेगवेगळ्या रंगात दाखवायची. बॅकअप निघतो का, एवढंच न बघता तो परत चढवून तपासायचा, तेही आपोआप. आणि डेटा सुरक्षित राहतोय की नाही, याची जबाबदारी एका माणसावर द्यायची. 'सगळ्यांचं काम' म्हणजे कुणाचंच काम नाही, हे कळलं होतं.

ही कंपनी त्यातून बुडाली नाही. १४ ऑक्टोबर २०२१ ला ती अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात दाखल झाली.

स्वतःचा सर्व्हर लावायचा असेल तर?

गिटलॅबची मोफत आवृत्ती कुणीही स्वतःच्या मशीनवर लावू शकतं. कॉलेजचा प्रोजेक्ट ग्रुप असो, छोटी कंपनी असो, अनेकजण हेच करतात. लावणं अवघड नाही, पण अडायच्या जागा ठरलेल्या आहेत.

रॅम: ४ जीबीच्या खाली गिटलॅबला धाप लागते, ८ जीबी असेल तर बरं. इन्स्टॉल झाल्यावर ब्राउझरमध्ये ५०२ एरर दिसला, तर लगेच सगळं उडवून पुन्हा लावायला जाऊ नका. आतल्या सेवा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. पाच-दहा मिनिटांनीही तोच एरर असेल, तर मेमरी कमी पडतेय का ते आधी बघा.

पत्ता: सर्व्हर कुठल्या पत्त्यावर उघडणार, ते सेटिंगच्या फाईलमध्ये बरोबर लिहा. तो चुकला की साईट उघडते, पण कोड उतरवायच्या लिंक भलतीकडे जातात. सेटिंग बदललं की 'रिकन्फिगर' कमांड चालवावी लागते, नाहीतर बदल लागूच होत नाही.

पहिला पासवर्ड: मुख्य खात्याचा पासवर्ड सर्व्हरवर एका फाईलमध्ये ठेवलेला असतो. २४ तास उलटून गेल्यावर पुढच्या रिकन्फिगरला ती फाईल पुसली जाते. त्यामुळे पहिल्याच दिवशी लॉगिन करून पासवर्ड बदला.

डिस्क: सगळं नीट चालू असताना अचानक कुणालाच कोड चढवता येईना, तर डिस्क भरलीय का ते तपासा. जुने बॅकअप त्याच डिस्कवर साठत जातात आणि एक दिवस तेच सर्व्हरचा गळा धरतात. शिवाय सर्व्हरच्याच डिस्कवरचा बॅकअप डिस्क गेली की सोबतच जातो.

गुपितांची फाईल: ही सगळ्यात जास्त लोकांना नडते. गिटलॅबचा नेहमीचा बॅकअप काढला, तरी त्यात सेटिंगची फाईल आणि सांकेतिक किल्ल्यांची फाईल येत नाही. त्या दोन्ही वेगळ्या जपून ठेवाव्या लागतात. किल्ल्या हरवल्या तर डेटा परत चढतो, पण टू-फॅक्टर लॉगिनसारख्या गोष्टी उघडत नाहीत. तिजोरी मिळाली, चावी नाही, अशी गत होते.

आवृत्ती: बॅकअप ज्या आवृत्तीतून काढला, अगदी त्याच आवृत्तीवर तो चढतो. म्हणून आवृत्तीचा आकडाही बॅकअपसोबत लिहून ठेवा.

आणि बिघाड शोधताना एक पथ्य पाळा. आधी लॉग वाचा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला. कमांड गप्प आहे म्हणजे ती अडकलीय, असं धरून चालू नका. काही पुसायची वेळ आली, तर फोल्डर उडवण्याऐवजी त्याचं नाव बदला. चुकलंच, तर परत तेच नाव देता येतं. पुसलेलं परत येत नाही.

आणि ज्यांचा सर्व्हरशी संबंध नाही त्यांनी?

तुमच्या फोनवरही 'बॅकअप सुरू आहे' असं लिहिलेलं असेल. पण शेवटचा बॅकअप कधी झाला, ते कधी उघडून बघितलंय? गूगलची जागा भरल्यामुळे व्हॉट्सॲपचा बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीच थांबलेला असू शकतो. त्याची सूचना येऊन गेलेली असते आणि ती आपण अंगठ्याने बाजूला सारलेली असते. गिटलॅबचे ईमेल मेल सर्व्हरने नाकारले, आपण स्वतःच नाकारतो, एवढाच काय तो फरक.

आयटीत एक सोपा नियम सांगतात, ३-२-१. महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. लग्नाचे फोटो, जमिनीची कागदपत्रं, दुकानाचा हिशोब, सगळ्याला हा नियम चालतो.

त्यात गिटलॅबच्या त्या रात्रीने एका गोष्टीची भर घातली: महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाईल प्रत्यक्ष परत उतरवून, उघडून बघा. ती उघडली, तर तो बॅकअप. तोवर तो नुसता समज आहे.