फॉस्फरसचं वलय आणि अरोमॅटिक गर्दीत लपलेली रेष

चाकण एमआयडीसीत तयार होणाऱ्या कुठल्याही गाडीत आज इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतंच, आणि त्याच्या आत एक सर्किट बोर्ड. हा बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी रेझिन. इपॉक्सी पेट घेते, म्हणून तिच्यात ज्वालारोधक घालावा लागतो. वर्षानुवर्षं हे काम ब्रोमीनची संयुगं करत आली. हॅलोजनमुक्त बोर्ड हवे असतील तर जे पर्याय वापरतात त्यांतला एक महत्त्वाचा म्हणजे डोपो. फॉस्फरसयुक्त विषमवलयी संयुगं शिकायला सुरुवात करायची, तर माझ्या मते याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

पूर्ण नाव ९,१०-डायहायड्रो-९-ऑक्सा-१०-फॉस्फाफेनान्थ्रीन-१०-ऑक्साइड. घाबरू नका, नावातच रचना आहे. फेनान्थ्रीनची तीन वलयं काढा, मधल्या वलयातला ९ क्रमांकाचा कार्बन काढून ऑक्सिजन ठेवा आणि १० च्या जागी फॉस्फरस. त्या फॉस्फरसवर एक दुहेरी बंधाचा ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. झालं.

बनवतात कसा? २-फिनाइलफिनॉल आणि फॉस्फरस ट्रायक्लोराईड झिंक क्लोराईडच्या सोबतीने तापवायचे. एक क्लोरीन फिनॉलच्या ऑक्सिजनमुळे जातो, दुसरा शेजारच्या बेंझीन वलयाशी बंध जुळताना जातो, दोन्ही वेळा हायड्रोजन क्लोराईड बाहेर पडतो आणि वलय बंद होतं. उरलेल्या तिसऱ्या क्लोरीनचं पाण्याने विघटन करायचं. इथे पाणी वलयही उघडू शकतं. मग उष्णता देऊन पाणी काढून टाकलं की ते परत बंद होतं. तिसऱ्या क्लोरीनच्या जागी ओएच आला, तरी तो तसा राहत नाही. हायड्रोजन सरळ फॉस्फरसवर जाऊन बसतो. (फॉस्फरस ट्रायक्लोराईड रासायनिक अस्त्र कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि पाण्याशी भडकून प्रक्रिया करतं. डोपो विकत मिळतो. पहिल्याच वर्षी हौस म्हणून तो बनवत बसू नका.)

आता खरा प्रश्न. हायड्रोजन फॉस्फरसवरच आहे, हे मुलाखतीत कुणी विचारलं तर कशावरून सांगाल?

फॉस्फरस-३१ चा एनएमआर घ्या. निसर्गातला सगळा फॉस्फरस याच समस्थानिकाचा, स्पिन १/२, त्यामुळे सिग्नल पटकन मिळतो. क्लोरो मध्यस्थ सुमारे १३४ पीपीएमला दिसतो, डोपो १५ च्या आसपास. पण नेहमीचा स्पेक्ट्रम प्रोटॉन-डिकपल्ड असतो, म्हणून डोपोची एकच रेष येते आणि मुलं खूश होऊन निघून जातात. ऑपरेटरला सांगून डिकपलिंग बंद करून घ्या. रेष फुटून दोन होतात, अंतर जवळपास ६०० हर्ट्झ. एवढं मोठं कपलिंग थेट फॉस्फरस-हायड्रोजन बंधाशिवाय येत नाही.

प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये हीच गोष्ट फसवते. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ६०० हर्ट्झ म्हणजे १.५ पीपीएम. डब्लेटचा मध्य ८ च्या जवळ, म्हणजे एक रेष ८.८ च्या आसपास एकटी उभी आणि तिची जोडीदार ७.३ जवळच्या अरोमॅटिक गर्दीत बुडालेली. एकटी रेष पाहून 'अशुद्धी आहे' म्हणत पुन्हा कॉलम लावला, तर आठवडा गेलाच समजा. शंका असेल तर ५०० च्या यंत्रावर तोच नमुना चालवा: हर्ट्झमधलं अंतर तेच राहील, पीपीएममधलं कमी होऊन १.२ वर येईल. दोन वेगळ्या पदार्थांच्या रेषा असत्या तर पीपीएममधल्या जागा हलल्या नसत्या.

डोपोचं सगळं काम याच बंधावर चालतं. इपॉक्साइडचं वलय उघडून फॉस्फरस तिथल्या कार्बनला जोडला जातो आणि ज्वालारोधक रेझिनचाच भाग बनतो. आग लागलीच तर तुटून पीओ हे मूलक वायुरूपात सुटतं आणि ज्वाला चालू ठेवणारी हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मूलकं पकडतं.

आणखी एक. डोपोतल्या फॉस्फरसला चार वेगवेगळे शेजारी आहेत, म्हणजे तो स्वतःच किरल केंद्र. फिनाइल ग्लिसिडिल ईथरसारख्या साध्या इपॉक्साइडशी जोडल्यावर त्याच्या कार्बनवरचं दुसरं केंद्रही त्याच रेणूत येतं, आणि फॉस्फरस स्पेक्ट्रममध्ये अगदी जवळजवळ दोन रेषा येऊ शकतात. त्या डायस्टीरिओमरच्या आहेत का, हे आधी तपासा, कॉलम नंतर.